दोन शहरांमधलं अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ: स्वतः हिशोब कसा करायचा

मॅड्रिद ते बार्सिलोना किती लांब? हा प्रश्न इंटरनेटवर टाकला की कुठे ४८३ किलोमीटर दिसतं, कुठे ५०५, कुठे ६२१. वाचणाऱ्याला वाटतं, यातला एकच आकडा खरा असणार. खरं तर तिन्ही बरोबर आहेत. दोन्ही शहरांच्या मध्यापासून मोजलेलं सरळ हवाई अंतर ५०५ किलोमीटर. विमानतळ ते विमानतळ मोजलं तर ४८३, कारण मॅड्रिदचा विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे आणि बार्सिलोनाचा नैऋत्येला, म्हणजे दोन्ही विमानतळ एकमेकांच्या दिशेला सरकलेले आहेत. आणि ६२१ किलोमीटर ही वेगवान रेल्वेच्या रुळांची लांबी आहे.

वेळेच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा. हवेतला वेळ वेगळा, तिकिटावरचा वेगळा, घड्याळात दिसणारा फरक वेगळा आणि घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंतचा वेगळा. चारही आकड्यांना लोक सरसकट ‘विमानाला लागणारा वेळ’ म्हणतात, आणि मग पुढचं विमान चुकतं किंवा कोणीतरी चुकीच्या तारखेला विमानतळावर घ्यायला येतं.

म्हणून माझा आग्रह असा की तयार आकडा उचलण्याआधी स्वतःचा एक अंदाज काढावा. त्याला पाच मिनिटं पुरतात. नंतर तो वेळापत्रकाशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत तर त्यामागे हमखास काहीतरी कारण असतं: वारा, वळसा, मधला थांबा किंवा घड्याळ. ते कारण प्रवासाला निघण्याआधी कळलेलं बरं.

पायरी १: दोन टोकं पक्की करा

हे फार सोपं वाटतं म्हणून बहुतेक जण ही पायरी गाळतात. एकाच नावाची शहरं जगात बरीच आहेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे जाऊन पोचल्याचे प्रकार घडलेले आहेत. लंडन इंग्लंडमध्ये आहे आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओमध्येही. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि कॅलिफोर्नियातलं शहरही. हैदराबाद भारतात आहे, पाकिस्तानातही आहे. म्हणून शहराचं नाव बघून थांबू नका. देश आणि विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. लंडन हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके. हाच कोड तिकिटावर असतो आणि सामानाच्या चिठ्ठीवरही असतो.

मोठ्या शहरांना एकाहून जास्त विमानतळ असतात. टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्य टोकियोपासून साठ किलोमीटरच्या आसपास लांब. न्यूयॉर्कसाठी वापरला जाणारा न्यूअर्क विमानतळ मुळात शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे कितीतरी. तिकीट शोधताना नुसतं ‘लंडन’ टाकलं की संकेतस्थळ हे सगळे विमानतळ एकत्र दाखवतं. हवेतल्या अंतरात त्याने फारसा फरक पडत नाही, पण जमिनीवरच्या वेळात सहज तासा-दीड तासाचा पडतो. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान धरायचं असेल तर हा फरक सगळा बेत उधळून लावू शकतो.

पायरी २: सरळ अंतर काढा

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर सरळ रेषेसारखा दिसत नाही. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या सपाट प्रतलाने गोलाला कापलं तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते महावर्तुळ, आणि सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्याचा तुकडा. विषुववृत्त हे महावर्तुळ आहे, रेखावृत्तांच्या जोड्याही महावर्तुळं आहेत. विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्तं मात्र नाहीत. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, मार्ग डोळ्यांसमोर दिसेल.

मॅड्रिद आणि न्यूयॉर्क या जोडीवर हे फार स्पष्ट दिसतं, कारण दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मॅड्रिद ४०.४ उत्तर, ३.७ पश्चिम. न्यूयॉर्क ४०.७ उत्तर, ७४.० पश्चिम. भिंतीवरचा नकाशा बघून कोणीही म्हणेल, सरळ पश्चिमेला जात राहा. तसं अक्षवृत्त धरून गेलं तर साधारण ५,९४० किलोमीटर पडतात. महावर्तुळावरून गेलं तर सुमारे ५,७७०. म्हणजे ‘वाकडा’ दिसणारा मार्ग १७० किलोमीटरने जवळचा आहे. हा मार्ग मधे ४६ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग पुन्हा खाली येतो. नकाशावर विमानाची कमान बघून ‘हे उगाच वळसा का घेतंय’ असं वाटतं, त्याचं उत्तर हे आहे.

आकडा हाताने काढायचा असेल तर सूत्र असं: पहिल्या शहराच्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन, त्यात पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन मिळवा. आलेल्या बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन अंशांत मिळतो. त्याला १११.२ ने गुणा, झाले किलोमीटर.

वरच्या जोडीवर करून पाहू. दोन साइनचा गुणाकार ०.४२२६. दोन कोसाइनचा ०.५७७३. रेखांशांतला फरक ७०.३ अंश, त्याचा कोसाइन ०.३३७१. म्हणजे दुसरा भाग ०.१९४६. बेरीज ०.६१७२. याचा व्यस्त कोसाइन सुमारे ५१.९ अंश. गुणिले १११.२, म्हणजे ५,७७० किलोमीटर.

इथे तीन ठिकाणी हात घसरतो. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजण्याचं दुसरं एकक), हे आधी बघा. स्प्रेडशीटमध्ये कोन रेडियनमध्येच द्यावे लागतात, म्हणजे अंशांना ५७.२९५८ ने भागायचं. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे. दोन शहरं ग्रिनिचच्या दोन बाजूंना असतील तर रेखांशांचा फरक म्हणजे बेरीज होते. आणि ती बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करा. टोकियो १३९.७ पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२.४ पश्चिम, बेरीज २६२.१, पण खरा फरक ९७.९ अंश, पॅसिफिक महासागरावरून.

एका अंशाला १११.२ किलोमीटर हा आकडा पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून येतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या पद्धतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. प्रवासासाठी ती सोडून द्यावी. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून अंतर वाढतं का, असंही विचारलं जातं. वाढतं, पण मॅड्रिद–न्यूयॉर्कसारख्या प्रवासात फक्त दहा किलोमीटरने.

विमानवाहतुकीत अंतर नॉटिकल मैलांत लिहितात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, साध्या मैलाहून बराच मोठा (साधा मैल १,६०९ मीटर). एखाद्या पानावर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कोणता, हे तपासल्याशिवाय किलोमीटर करू नका. तिथेच पंधरा टक्क्यांची गफलत होते.

हे सगळं करायचं नसेल तर गुगल मॅप्समध्ये एका ठिकाणी राइट-क्लिक करून ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या ठिकाणी क्लिक करा. तिथे हेच महावर्तुळाचं अंतर मिळतं. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर नुसते दोन विमानतळांचे कोड टाकले तरी चालतं. तरीही एकदा तरी हाताने करून बघाच. त्यानंतर नकाशाकडे बघण्याची नजर बदलते.

रस्त्याचं अंतर हवं असेल तर

सरळ अंतरावरून रस्त्याचं अंतर काढण्याचं पक्कं सूत्र नाही. मोकळ्या सपाट मुलखात रस्ता सरळ अंतराच्या साधारण १.२ ते १.४ पट पडतो. मधे डोंगर, खाडी किंवा सीमा आली की हा ठोकताळा मोडतो. ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ ही दोन राजधानीची शहरं प्लाता नदीच्या रुंद मुखाच्या दोन बाजूंना आहेत. हवेतून दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. रस्त्याने नदीला वळसा घालून पाचशेहून जास्त. अशा जागी नकाशावर खरा मार्ग आखून बघण्याला पर्याय नाही.

पायरी ३: अंतराचा वेळ करा

लक्षात ठेवायला एकच नियम: किलोमीटरना ८५० ने भागा, तेवढे तास, वर पाऊण तास मिळवा. हा जेट विमानाचा, निघण्याच्या विमानतळावरच्या दारापासून (गेटपासून) पोचण्याच्या विमानतळावरच्या दारापर्यंतचा अंदाज आहे.

मॅड्रिद–बार्सिलोना, ४८३ किलोमीटर: चौतीस मिनिटं अधिक पंचेचाळीस, म्हणजे एक तास एकोणीस मिनिटं. सिडनी–मेलबर्न, सुमारे ७०५ किलोमीटर: एक तास पस्तीस मिनिटं. मॅड्रिद–न्यूयॉर्क: साडेसात तास. सिंगापूर–न्यूयॉर्क हा जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक मार्ग, सुमारे १५,३५० किलोमीटर: अठरा तास आणि वर पाऊण तास. वेळापत्रकं उघडून बघा, हे आकडे किती जवळ जातात ते दिसेल. इतक्या साध्या नियमाने तासाभरापासून पाऊण दिवसापर्यंतची उड्डाणं सांभाळली जातात याचं मला अजून कौतुक वाटतं.

नियम का चालतो, हेही बघू. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत ठरवतात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटर. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखी एका मार्गिकेची विमानं त्याच्या ७८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरने जातात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ही लांब पल्ल्याची विमानं ८५ टक्क्यांनी, म्हणजे ताशी ९०० ने. नियमातला ८५० हा आकडा या दोन्हींच्या मधला आहे, आणि मार्ग कधीच पूर्ण सरळ नसतो त्याचीही थोडी भरपाई त्यात होते.

पाऊण तास कशाचा? थोडा वेळ विमान दारातून मागे ढकलून धावपट्टीपर्यंत चालवत नेण्यात जातो. उड्डाणानंतर वीसेक मिनिटं चढण्यात जातात, आणि तेव्हा वेग कमी असतो. बहुतेक ठिकाणी दहा हजार फुटांखाली ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. अकरा किलोमीटरवरून खाली यायला साधारण १८० ते २०० किलोमीटर आधीपासून सुरुवात करावी लागते. धावपट्टी ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेने यायचं असल्यामुळे शेवटी एखादा फेराही घ्यावा लागतो. मग उतरल्यावर पुन्हा दारापर्यंत चालत जाणं. ॲमस्टरडॅमच्या श्किपोल विमानतळावर पोल्डरबान नावाची धावपट्टी इमारतीपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर दारापाशी यायलाच दहा ते वीस मिनिटं लागतात.

हा पाऊण तास अंतरावर अवलंबून नसतो. म्हणूनच कमी अंतराच्या उड्डाणाचा सरासरी वेग इतका कमी वाटतो. मॅड्रिद–बार्सिलोनाच्या एकोणऐंशी मिनिटांत खऱ्या उंचीवर, खऱ्या वेगाने विमान फार थोडा वेळ असतं.

नियम कुठे लावू नये तेही सांगतो. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. तिथे ८५० च्या जागी ५०० घ्या आणि वर अर्धा तास पुरे. अगदीच छोट्या उड्डाणांना कुठलाच नियम लागत नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण २.७ किलोमीटरचं आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत आणि वारा मदतीला असला तर त्याहूनही लवकर होतं.

पायरी ४: वारा

वेळापत्रकात जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दिसतो तो वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांवर, विमानं जिथून उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात, कारण ध्रुवाकडच्या आणि विषुववृत्ताकडच्या तापमानातला फरक तेव्हा वाढतो.

मॅड्रिद–न्यूयॉर्कवरच हिशोब करू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा आणि पश्चिमेचा वारा सरासरी ९०. न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ८१०. ५,७७० किलोमीटरना सात तास सात मिनिटं. परत येताना ९९०. पाच तास पन्नास मिनिटं. दोन्हींत पाऊण तास मिळवला की जायला आठ तासांच्या जवळ आणि यायला साडेसहा. प्रत्यक्ष वेळापत्रकात जाताना आठ तासांच्या वर आणि येताना सातच्या आसपास दिसतात. कंपन्या थोडा राखीव वेळ धरतात म्हणून.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन हवेतले बारा तास पन्नास मिनिटं लागले असते. वाऱ्यासकट ते सात-आठ मिनिटांनी जास्त होतात. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, असं बरेच जण मानतात. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुक्काम स्वतःच सरकत येतो, तर तोच प्रवास लवकर व्हायला हवा, असाही उलटा युक्तिवाद ऐकू येतो. दोन्ही चूक. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं आणि विमान त्या हवेतच उडतं. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो जेट स्ट्रीमची दिशा घडवण्यात. विमानाला तो परिणाम जाणवतो तो वाऱ्याच्या रूपाने.

वारा काय करू शकतो याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. उत्तर अटलांटिकवर वादळ होतं आणि जेट स्ट्रीम अतिशय जोरात होती. तेव्हा न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. आपल्या नियमाने या ५,५५० किलोमीटरना सव्वासात तास येतात. जमिनीच्या हिशोबाने त्या विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालची हवाच त्याला पुढे नेत होती.

ठोकताळा म्हणून: दोन्ही शहरं ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात असतील आणि प्रवास पूर्व-पश्चिम असेल, तर पश्चिमेकडे जाताना अंदाजात आठ-दहा टक्के वाढवा आणि पूर्वेकडे जाताना तेवढेच कमी करा. उत्तर-दक्षिण प्रवासाला किंवा विषुववृत्ताजवळ ही दुरुस्ती करू नका.

पायरी ५: अंदाज आणि वेळापत्रक जुळत नसेल तर

वारा धरूनही तासाभराहून जास्त फरक राहिला तर आधी मधला थांबा आहे का बघा. ‘डायरेक्ट’ म्हणजे ‘नॉनस्टॉप’ नव्हे. डायरेक्ट उड्डाणात क्रमांक एकच राहतो, पण विमान वाटेत उतरू शकतं, कधी तुम्हाला खाली उतरवून पुन्हा चढवतात. तपशिलात ‘थांबे: १’ असं लिहिलेलं असतं, ते वाचा.

थांबा नसेल तर वळसा असणार. सर्वांत मोठे वळसे बंद हवाई हद्दींमुळे पडतात. हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर. आपल्या नियमाने दहा तास, आणि पूर्वी साधारण तेवढेच लागत. हा मार्ग रशियावरून जात असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, त्यानंतर रशियाची हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांसाठी बंद झाली. तेव्हापासून फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन जातात आणि प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन शहरांमधलं अंतर एक किलोमीटरनेही बदललेलं नाही. अंतर दाखवणारी बरीच संकेतस्थळं अजूनही त्याच अंतराला वेगाने भागून दहा तास दाखवतात, म्हणून अशा पानांवरचा वेळ मी कधीच ग्राह्य धरत नाही.

जमिनीच्या रचनेमुळेही वळसे पडतात. तिबेटचं पठार आणि हिमालयावरून प्रवासी विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वरून मुखवटे पडतात, पण त्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत बारा ते बावीस मिनिटांपुरताच असतो. तेवढ्या वेळात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे.

महासागरांवर तिसरं कारण येतं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत कुठला तरी विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढवली गेली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिक ओलांडू लागली. आजच्या काही विमानांना पाच तासांहूनही जास्त मुभा आहे. म्हणून हे वळसे आता बरेच कमी झालेत, पण दक्षिण गोलार्धात, सिडनी ते सांतियागोसारख्या अंटार्क्टिकाकडे झुकणाऱ्या मार्गांवर, अजून विचारात घ्यावे लागतात.

उत्तर अटलांटिकवर तर रोजचा मार्गही कायमचा नसतो. वाऱ्याचा अंदाज बघून तिथे समांतर मार्गांचा संच रोज नव्याने आखला जातो. पश्चिमेला जाणारी विमानं जेट स्ट्रीम टाळून जातात, पूर्वेला येणारी मुद्दाम तिच्यात शिरतात. अंतर वाढलं तरी चालेल, इंधन आणि वेळ वाचला पाहिजे, असा तो हिशोब असतो.

पायरी ६: घड्याळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात: निघण्याची निघण्याच्या गावाची, पोचण्याची पोचण्याच्या गावाची. त्यांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाने संदर्भासाठी धरलेल्या एका समान वेळेत आणा, मग वजा करा.

समजा विमान मॅड्रिदहून दुपारी १२ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २:२० ला पोचतं. हिवाळ्यात मॅड्रिद यूटीसीच्या एक तास पुढे, म्हणजे निघताना यूटीसी ११:००. न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणजे पोचताना यूटीसी १९:२०. खरा प्रवास आठ तास वीस मिनिटं.

उन्हाळी वेळेत खरी मेख आहे. युरोपीय संघात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्याच रविवारी. त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत मॅड्रिद आणि न्यूयॉर्कमधला फरक सहाऐवजी पाच तासांचा होतो. शरद ऋतूत पुन्हा असंच: युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. या आठवड्यांत प्रवास असेल तर फरक पाठ असला तरी त्या तारखेसाठी पुन्हा तपासा. शिवाय सगळीकडे फरक पूर्ण तासांत नसतो. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

पॅसिफिक ओलांडताना तारीखही बदलते. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे, होनोलुलू दहा तास मागे. फरक एकोणीस तासांचा. रात्री ९ ला टोकियोहून निघून सात तासांनी होनोलुलूला उतरलात तर तिथे त्याच तारखेची सकाळ, ९ वाजलेले. निघण्याच्या बारा तास आधी पोचलात असं कॅलेंडर म्हणेल. परतीत एक अख्खी तारीख हातातून जाते. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ किंवा ‘-१’ छापलेलं असतं ते याचसाठी. हॉटेलचं आरक्षण त्या खुणेप्रमाणे करा.

पायरी ७: दारापासून दारापर्यंत

आता पुन्हा मॅड्रिद–बार्सिलोना घ्या. उड्डाण एक तास वीस मिनिटांचं. घरून विमानतळ अर्धा तास, तिथे दीड तास आधी पोचायचं, उतरल्यावर बाहेर पडायला अर्धा तास, शहरात जायला आणखी अर्धा. एकूण सव्वाचार तासांच्या वर. वेगवान गाडी तेच ६२१ किलोमीटर अडीच तासांत तोडते आणि शहराच्या मध्यातून मध्यात नेते. विमानाचा वेग तिप्पट असूनही गाडी पुढे. फ्रान्सने २०२३ मध्ये, अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येतं अशा काही देशांतर्गत उड्डाणांवर बंदीच घातली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लियों, नाँत आणि बोर्दोला जाणारी उड्डाणं त्यात आली.

माझं मत विचाराल तर वेगवान रेल्वे असेल तिथे ७०० किलोमीटरपर्यंत आधी गाडीचं वेळापत्रक बघावं, मग विमानाचं. हजाराच्या पुढे विमानच. मधल्या पट्ट्यात विमानतळ शहरापासून किती लांब आहे यावर उत्तर ठरतं.

मधे विमान बदलायचं असेल तर दोन उड्डाणांच्या वेळांची नुसती बेरीज चालत नाही. दोन्ही एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, कदाचित इमिग्रेशनमधूनही जावं लागेल, आणि विमान चुकलं तर भुर्दंड तुमचा. अशा वेळी आंतरराष्ट्रीय प्रवासात चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. दोन उड्डाणं वेगळ्या विमानतळांवरची असतील तर सहाही जास्त नाहीत.

पायरी ८: प्रत्यक्षात काय घडतंय ते बघा

शेवटी तुमच्या उड्डाणाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या संकेतस्थळावर टाका. मागच्या काही दिवसांत ते विमान खरोखर कधी सुटलं, कधी टेकलं आणि कुठल्या मार्गाने गेलं, हे तिथे दिसतं. नकाशावर मार्ग महावर्तुळापासून किती ढळलाय हे बघितलं की पाचव्या पायरीतलं कारण बहुतेक वेळा नजरेनेच कळतं.

त्या यादीत ‘वेळेवर’ लिहिलेल्या नोंदी वाचताना सावध राहा. कंपन्या वेळापत्रकात मुद्दाम जास्तीची मिनिटं धरतात, त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही कागदोपत्री वेळेवर पोचू शकतं. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ वेगवेगळी वाचा. पुढे दुसरं विमान धरायचं असेल तर सरासरीवर विसंबू नका. त्या यादीतला सर्वांत उशिराचा दिवस शोधा आणि त्या दिवशी तुम्हाला पुढचं विमान मिळालं असतं का, एवढं तपासा. मिळालं नसतं, तर तिकीट काढण्याआधीच त्यानंतरचं विमान निवडा.